कुंपण उभे कसे राहते?

घर बांधून झाले की माणूस पहिल्यांदा कुंपणाचा विचार करतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात फिरताना दर शंभर पावलांवर एक कुंपण आपल्याला आडवे येते. कुठे विटांची भिंत, कुठे काटेरी तार, कुठे हिरवी जाळी, तर कुठे जुन्या वाडीच्या कडेने उरलेली निर्गुडीची रांग दिसते. अलीकडे यात आणखी एका प्रकाराची भर पडू पाहत आहे. हे पांढऱ्या प्लास्टिकच्या फळ्यांचे कुंपण इंग्रजी नावाने 'व्हिनाइल फेन्स' म्हणून ओळखले जाते. अमेरिकेत ते घरोघरी दिसते. आपल्याकडे ते अजून क्वचितच दिसते, परंतु बंगले आणि रो-हाउसच्या मालकांकडून त्याची चौकशी होऊ लागली आहे.

कुंपण ही वस्तू इतकी साधी वाटते की तिच्यात विज्ञान काय असणार, असे कोणीही म्हणेल. पण १ आणि २ जुलै २०१९ च्या मधल्या रात्री मुसळधार पावसात कल्याणमध्ये एका शाळेची भिंत शेजारच्या घरांवर कोसळली आणि तीन जीव गेले. त्याच रात्री मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची संरक्षक भिंत पडून तिच्या पायथ्याशी राहणारी तीसच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी दोनच दिवस, २९ जून रोजी, पुण्यात कोंढव्याला सोसायटीची कुंपणभिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली होती आणि तीत पंधरा जणांचा बळी गेला होता. राखण करण्यासाठी उभारलेल्या भिंतींनीच माणसे मारली. कुंपणानेच शेत खावे, अशातलाच हा प्रकार झाला.

म्हणून या लेखात आम्ही दोन गोष्टी एकत्र पाहणार आहोत. पहिली म्हणजे कोणतेही कुंपण उभे राहते ते कशाच्या बळावर आणि पडते ते कशामुळे. दुसरी म्हणजे प्लास्टिकचे कुंपण आपल्या भागातील पाऊस, ऊन आणि माती यांत उभारायचे झाल्यास काय काळजी घ्यावी. दोन्ही प्रश्नांची उत्तरे आठवी ते बारावीच्या भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात आहेत. शिक्षकांना वर्गात ती सहज उलगडून दाखवता येतील.

वई, गडगा आणि भिंत

कोकणपट्टीतील जुनी कुंपणे आठवून पाहा. काट्याकुट्यांची वई असे. घायपात, निवडुंग, शेर, मोगली एरंड, करवंद यांच्या जिवंत रांगा असत. पांगाऱ्याच्या फांद्या खुंट म्हणून रोवल्या की त्यांनाच पालवी फुटे. जेथे दगड मुबलक, तेथे गडगा असे, म्हणजे चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून केलेला बांध.

या सर्व प्रकारांत एक गुण समान आहे. ही सर्व कुंपणे गुरांना अडवतात, पाण्याला अडवत नाहीत. वईच्या फटींतून पाणी निघून जाते. गडग्याच्या दगडांमधून ते झिरपते. वाराही त्यांतून आरपार जातो. आमच्या पूर्वजांनी दाबाचे गणित कागदावर मांडले नव्हते, हे खरे. परंतु वर्षाला सरासरी अडीच मीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात कोणते कुंपण टिकते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

विटांची भिंत मात्र सलग असते. ती गुरांना, माणसांना, नजरेला अडवते, वाऱ्याला अडवते आणि पाण्यालाही अडवते. तिची खरी परीक्षा होते ती येथेच.

पाण्याचा रेटा

पाण्याचा दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो, हे विद्यार्थ्यांना माहीत असते. भिंतीच्या एका बाजूला पाणी साचले, तर पाण्याच्या पृष्ठभागाशी दाब शून्य आणि तळाशी सर्वाधिक असतो. म्हणजे सरासरी दाब तळाच्या दाबाच्या निम्मा. या सरासरी दाबाला पाण्याखालील क्षेत्रफळाने गुणले की एकूण रेटा मिळतो. भिंतीची एक मीटर लांबी घेऊ. पाणी अर्धा मीटर साचले असेल, तर रेटा सुमारे १२५ किलो वजनाइतका येतो. एक मीटर साचले तर ५०० किलो आणि दीड मीटर साचले तर ११२५ किलो. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट होतो.

पण भिंत पडते ती नुसती ढकलली जाऊन नव्हे, तर उलथून. म्हणून बलाइतकाच त्याचा आघूर्ण महत्त्वाचा, म्हणजे बल आणि ते तळापासून किती उंचीवर लागू होते या दोहोंचा गुणाकार. पाण्याचा रेटा तळापासून एकतृतीयांश उंचीवर एकवटला आहे असे धरता येते. म्हणजे पाणी दुप्पट खोल झाले की बल चौपट आणि ते लागू होण्याची उंची दुप्पट. उलथवणारा आघूर्ण एकदम आठपट! अर्धा मीटर पाण्याला तो सुमारे २१ किलो-मीटर असतो, एक मीटर पाण्याला १६७, तर दीड मीटर पाण्याला ५६२. (येथे किलो-मीटर म्हणजे अंतराचा किलोमीटर नव्हे. एक किलो वजनाचे बल एक मीटर अंतरावर, असा अर्थ घ्यावा.)

आता भिंतीची बाजू पाहू. तिला उभे ठेवते ते तिचे स्वतःचे वजन. दीड मीटर उंच आणि २३ सेंटिमीटर जाडीची, म्हणजे मिस्त्री जिला नऊ इंची म्हणतात ती, विटांची भिंत घ्या. विटांच्या बांधकामाची घनता दर घनमीटरला १९०० किलो धरली, तर एक मीटर लांबीचे वजन सुमारे ६५५ किलो होते. ही भिंत उलथायची तर ती तळाच्या एका कडेवर फिरणार. त्या कडेपासून वजनाची रेषा निम्म्या जाडीवर, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरवर आहे. गुणाकार सुमारे ७५ किलो-मीटर.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. एका बाजूला जेमतेम पाऊण मीटर, म्हणजे मांडीपर्यंत पाणी साचले, की ही जाडजूड दिसणारी भिंत निव्वळ वजनाच्या बळावर उभी राहू शकत नाही. भिंत साडेचार इंची असेल तर? जाडी निम्मी, म्हणून वजन निम्मे. जाडी निम्मी, म्हणून अंतरही निम्मे. तोल सांभाळण्याची ताकद एकदम चौथाईवर, म्हणजे सुमारे १९ किलो-मीटरवर येते. तिला गुडघाभर पाणी पुरते. अशा भिंतींना ठरावीक अंतरावर खांब का देतात, हेही यावरून लक्षात येईल.

हा हिशेब ढोबळ आहे. जमिनीत गाडलेला पाया, सिमेंटची पकड आणि खांब यांची मदत आम्ही त्यात धरलेली नाही. पण जुन्या भिंतीत सिमेंट भुगा झालेले असते, तिचा पाया उथळ असतो आणि भिजलेली माती त्याला धरून ठेवत नाही. तेव्हा असा ढोबळ हिशेबच सत्याच्या जवळ जातो.

भिंतीमागची माती

याहून मोठा धोका भिंतीमागे भराव घातलेला असतो तेथे असतो. येऊर आणि मुंब्र्याच्या डोंगरउतारांवर अशा अनेक भिंती आहेत. सखल भागातही आवाराची पातळी वाढवण्यासाठी भिंतीला टेकून भराव घातला जातो.

कोरडी सुटी माती भिंतीला रेटते, पण तिच्या कणांमधील घर्षण बरेचसे वजन स्वतःच पेलते. तिचा रेटा तेवढ्याच उंचीच्या पाण्याच्या साधारण सहा दशांश असतो. हीच माती पावसात भिजून तुडुंब झाली, की तिच्यातील पाणी पाण्यासारखा पूर्ण रेटा देते आणि वर मातीच्या कणांचा रेटा वेगळा. एकूण बेरीज पाण्याच्या सव्वापटीहून जास्त, म्हणजे कोरड्या मातीच्या दुपटीहून अधिक होते. वीस उन्हाळे आणि कित्येक सामान्य पावसाळे पाहिलेली भिंत एखाद्या अतिवृष्टीच्या रात्री अचानक का पडते, याचे उत्तर येथे आहे. भिंत तीच असते. तिच्यावरचा भार मात्र एका रात्रीत दुप्पट झालेला असतो.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. भिंतीत तळाशी आणि मध्ये ठरावीक अंतराने पाणी झिरपून जाण्यासाठी नळ्या बसवतात. मिस्त्री त्यांना 'वीप होल' म्हणतात. त्यांच्यामागे खडीचा थर असावा, म्हणजे मातीने नळ्या बुजत नाहीत. या नळ्यांनी भिंत मजबूत होत नाही, तिच्यावरचा भार मात्र कमी होतो. पुष्कळ ठिकाणी नळ्या असतात, पण रंगकाम करताना त्या सिमेंटने लिंपून टाकलेल्या आढळतात, कारण त्यांतून भिंतीवर ओघळ येतात. ओघळ हे भिंतीच्या प्रकृतीचे चांगले लक्षण आहे, हे लोकांना सांगितले पाहिजे.

प्लास्टिकचे कुंपण म्हणजे काय?

व्हिनाइल कुंपण ज्या प्लास्टिकचे असते, त्याचे पूर्ण नाव पॉलिव्हिनाइल क्लोराइड, आपल्या परिचयाचे पीव्हीसी. घरातील पाण्याचे पाइप, विजेच्या तारांचे आवरण, खिडक्यांच्या चौकटी यांत तेच असते. व्हिनाइल क्लोराइडच्या एका रेणूत दोन कार्बन, तीन हायड्रोजन आणि एक क्लोरीन अणू असतो. असे हजारो रेणू साखळीसारखे जोडले गेले की पीव्हीसी तयार होते. १८७२ मध्ये युजेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला उन्हात राहिलेल्या व्हिनाइल क्लोराइडच्या काचपात्रात पांढरा घन पदार्थ आढळला. तेच हे पीव्हीसी. मात्र त्याचा व्यवहारात उपयोग व्हायला विसाव्या शतकाचा दुसरा चतकोर उजाडावा लागला.

विद्यार्थ्यांना एक छोटे उदाहरण सोडवायला द्यावे. अणुभार कार्बन १२, हायड्रोजन १ आणि क्लोरीन ३५.५ धरून पीव्हीसीतील क्लोरीनचे वजनी प्रमाण काढा. उत्तर सुमारे ५७ टक्के येते. म्हणजे या प्लास्टिकचा निम्म्याहून अधिक भाग खनिज तेलातून नव्हे, तर मिठातून येतो. खाडीकाठच्या मिठागरांत पिकते तेच हे मीठ. या क्लोरीनमुळेच पीव्हीसी सहज पेट घेत नाही आणि ज्योत दूर केली की विझते. पण जबरदस्तीने जाळले तर याच क्लोरीनपासून हायड्रोजन क्लोराइडचा गुदमरवणारा धूर निघतो. म्हणून पीव्हीसीचे तुकडे शेकोटीत किंवा होळीत कधीही टाकू नयेत.

पीव्हीसीला कीड लागत नाही, वाळवी लागत नाही, गंज चढत नाही. पावसाळ्यात लाकूड कुजते आणि खाडीच्या खारट हवेत लोखंडी तार काही वर्षांत तुटते, अशा आपल्या हवामानात हा गुण मोठाच आहे. दोष मात्र दोन आहेत, ऊन आणि उष्णता.

उन्हाचे दोन परिणाम

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे पीव्हीसीच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइडचे रेणू सुटू लागतात. उरलेल्या साखळीत एकाआड एक दुहेरी बंध तयार होतात, ते निळा प्रकाश शोषतात आणि प्लास्टिक पिवळे पडते. पुढे ते ठिसूळ होते. गच्चीवर उघड्यावर राहिलेले साधे पाइप काही वर्षांत कसे तडकतात, हे सर्वांनी पाहिले आहे. म्हणून कुंपणाच्या पीव्हीसीत टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य मिसळतात. ते अतिनील किरण वरच्या थरातच अडवते. ही कुंपणे बहुधा पांढरीच का असतात, याचे हे एक कारण. दुसरे कारण असे की गडद रंग उष्णता जास्त शोषतो आणि कडक पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. पाण्याचे साधे पाइप कापून कुंपण करणे स्वस्त वाटेल, परंतु ते उन्हासाठी बनवलेले नसतात, हे ध्यानात ठेवावे.

उष्णतेचा दुसरा परिणाम म्हणजे प्रसरण. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंश तापल्यावर सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतो. पीव्हीसीचा तुकडा त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर वाढतो. ठाण्यातील हिवाळ्याची पहाट २० अंशांची आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हात तापलेला पृष्ठभाग ६० अंशांचा धरा. फरक ४० अंशांचा. २.४ मीटर लांबीची आडवी पट्टी या फरकाने जवळजवळ ६ मिलिमीटर लांब होते. रेल्वेच्या रुळांच्या सांध्यात फट का ठेवत, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणला पोचलेल्या लोहमार्गाला ज्या नियमाचा विचार करावा लागला, तोच नियम येथे पाचपट जोराने लागू होतो. पट्टी दोन्ही टोकांना स्क्रूने घट्ट आवळली तर उन्हाळ्यात ती धनुष्यासारखी वाकते. म्हणून या कुंपणात पट्ट्या खांबांच्या खाचांत सैल बसवतात आणि आत थोडी जागा मोकळी सोडतात.

वाऱ्याचे गणित

प्लास्टिकचे कुंपण हलके असते. विटांच्या भिंतीला वजन तारते, याला वजन नाही. मग हे वाऱ्यात उभे कसे राहणार? वाऱ्याचा दाब ढोबळमानाने असा काढतात. वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि त्याला ०.६ ने गुणायचे. उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये मिळते. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वारा असेल, तर दाब २४० न्यूटन, म्हणजे सुमारे २४ किलो वजनाइतका. दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच सलग पाखीवर एकूण ७३ किलोचे बल आणि खांबाच्या बुडाशी सुमारे ५५ किलो-मीटरचा आघूर्ण येतो. वारा दीडपट, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर झाला, तर हे सर्व सव्वादोनपट होते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा अशा वाऱ्याची कल्पना पुष्कळांना आली असेल.

खांबाभोवतीचे काँक्रीट ३० सेंटिमीटर व्यासाचे आणि ७० सेंटिमीटर खोल धरले, तर त्याचे वजन सुमारे शंभर किलो भरते. नुसत्या या वजनाने तोल सांभाळायचा तर हिशेब १५ किलो-मीटरच्या आसपास येतो आणि आपल्याला हवेत ५५. उरलेले काम करते ती भोवतालची माती. खांब वाऱ्याने एका बाजूला कलू लागला की खड्ड्याच्या वरच्या भागातील माती त्याला एका दिशेने आणि तळाची माती उलट दिशेने दाबून धरते. म्हणून खड्ड्याची खोली सर्वांत महत्त्वाची. खांबाच्या एकूण लांबीचा साधारण एकतृतीयांश भाग जमिनीत असावा, या सुताराच्या नियमामागे हेच तत्त्व आहे.

आणखी एक उपाय वईने शिकवलेला आहे, तो म्हणजे फटी ठेवणे. फळ्यांमध्ये अंतर ठेवले की वाऱ्याचा भारही कमी होतो आणि साचलेले पाणीही निघून जाते.

उभारणी कशी करावी?

प्रथम हद्द निश्चित करावी. शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. वितभर जागेवरून उभी राहिलेली भांडणे कुंपणापेक्षा जास्त टिकतात. नगररचनेच्या नियमांत कुंपणभिंतीच्या उंचीला साधारणपणे दीड मीटरची मर्यादा असते आणि त्याहून उंच बांधायचे तर वरचा भाग उघडा, जाळीचा ठेवावा लागतो. हा नियम जाचक वाटतो खरा. पण उंची दुप्पट झाली की आघूर्ण किती पटीने वाढतो हे आपण पाहिलेच आहे. सोसायटीत किंवा महापालिकेच्या हद्दीत काम करण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी.

काम पावसाळ्यानंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. दोन टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणावी आणि खांबांच्या जागा आखाव्यात. खांबांमधील अंतर पट्टीच्या लांबीवर ठरते. पहिला खांब पक्का झाल्यावर पट्टी लावून दुसरा ठरवणे अधिक सुरक्षित.

खड्डा ६० ते ७५ सेंटिमीटर खोल घ्यावा. अमेरिकेतील सूचनापत्रकांत खड्ड्याची खोली जमीन गोठण्याच्या पातळीवरून ठरवलेली असते. आपल्याकडे जमीन गोठत नाही, पण ती फुगते. उल्हास नदीच्या खोऱ्यातील काळी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भातखाचरांतील भेगा सर्वांनी पाहिल्या आहेत. अशा मातीत खड्डा फुगण्या-आकसण्याच्या थराखाली गेला पाहिजे. मुरूम लागला तर उत्तम. खाडीकाठच्या चिखलवट जमिनीत मातीचा आधार कमकुवत असतो, म्हणून तेथे खड्डा अधिक खोल आणि रुंद घ्यावा.

तळाशी दहा-पंधरा सेंटिमीटर खडी घालावी, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचणार नाही. खांब ओळंब्याने दोन्ही बाजूंनी सरळ पाहावा. सर्व खांबांची उंची सारखी ठेवण्यासाठी मिस्त्री पारदर्शक नळीत पाणी भरून वापरतात. संलग्न पात्रांतील द्रवाची पातळी सारखी असते, या नियमाचा याहून सुंदर वापर दुसरा नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, हेही विद्यार्थ्यांना दाखवावे. मग काँक्रीट भरून वरचा भाग खांबापासून बाहेर उतरता करावा. काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारावे आणि ते घट्ट होईपर्यंत पट्ट्यांचा भार टाकू नये.

कडक पीव्हीसीचा ताठपणा पोलादाच्या साठ-सत्तराव्या हिश्शाइतकाच असतो. म्हणून हे खांब बांबूसारखे पोकळ आणि रुंद असतात. तेवढ्याच मालाचा भरीव बारीक दांडा फार लवकर वाकला असता. फाटकाच्या आणि कोपऱ्याच्या खांबांवर जास्त ताण येतो, तेव्हा त्यांच्या आत जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घालावा. पट्ट्या खाचांत सरकवताना प्रसरणासाठी जागा सोडावी. हिवाळ्यात काम करत असाल तर जास्त सोडावी, कारण उन्हाळा पुढे आहे. सर्वांत खालची पट्टी जमिनीपासून निदान पाच-सात सेंटिमीटर वर ठेवावी. या फटीतून पाणी जाते, पालापाचोळा जातो आणि बेडूक-सरड्यांसारखे लहान जीवही जातात.

या कुंपणाला टेकून माती, विटा किंवा कचरा कधीही रचू नये. ते हद्द दाखवते, रेटा पेलत नाही. भराव अडवायचा असेल तर अभियंत्याकडून रचना करून घेतलेली आणि पाण्याच्या निचऱ्याची सोय असलेली भिंतच हवी.

जमाखर्चाची दुसरी बाजू

प्लास्टिक कुजत नाही, हा त्याचा गुणही आहे आणि दोषही. कुंपण निकामी झाल्यावर ते कोठे जाणार, हा विचार घेतानाच करावा. व्हिनाइल क्लोराइड वायू कारखान्यातील कामगारांसाठी घातक आहे. त्यामुळे यकृताचा एक दुर्मिळ कर्करोग होतो, हे १९७४ मध्ये अमेरिकेतील कामगारांच्या बाबतीत उघडकीस आले. तयार पीव्हीसीत हा वायू नगण्य असतो, पण वस्तूची किंमत कोणीतरी आधी मोजलेली असते, हे विसरू नये. पीव्हीसी टिकाऊ करण्यासाठी पूर्वी शिशाची संयुगे सर्रास वापरत. भारत सरकारने २०२१ मध्ये पाण्याच्या पीव्हीसी पाइपांतील शिशावर निर्बंध घालणारे नियम काढले. कुंपण घेतानाही ते शिसेविरहित आहे का, हे विचारावे.

ज्यांच्याकडे जागा आहे, त्यांनी निर्गुडी किंवा मेंदीचा विचार जरूर करावा. ती स्वस्त असते, पाणी अडवत नाही, आणि तुटली तरी स्वतःच दुरुस्त होते. जागा अरुंद असेल तर जाळी किंवा फटींचे प्लास्टिक बरे. सलग भिंत शेवटचा पर्याय समजावा.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. पॉलिथीनची पिशवी, बॉलपेनचे पारदर्शक पॉलिस्टायरीनचे नळकांडे आणि पीव्हीसी पाइप यांचे लहान तुकडे घ्या. ते आधी साध्या पाण्यात आणि मग मिठाच्या संपृक्त द्रावणात टाका. पॉलिथीन दोन्हींत तरंगते. पॉलिस्टायरीन पाण्यात बुडते, पण मिठाच्या द्रावणात तरंगते. पीव्हीसी दोन्हींत बुडते, कारण त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट असते. तुकड्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी बोटाने काढून टाका.

२. दोन खोक्यांत पुठ्ठ्याऐवजी पातळ फळीची सैल भिंत बसवा. एकीला तळाशी भोके पाडून मागे खडी घाला, दुसरी सलग ठेवा. दोन्हींमागे सारखी माती भरा आणि झारीने सारखेच पाणी घाला. कोणती भिंत आधी कलते ते पाहा.

३. पीव्हीसी पाइपच्या दोन मीटर तुकड्याची लांबी पहाटे आणि भर दुपारी उन्हात मोजा. मिळालेला फरक आणि गणिताने येणारा फरक ताडून पाहा.

चौथी कृती सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती दरवर्षी मे महिन्यात करावी. विद्यार्थ्यांना घेऊन शाळेच्या कुंपणभिंतीभोवती, भिंतीपासून सुरक्षित अंतर ठेवून, एक फेरी मारा. ओळंबा धरून लांबूनच पाहा की भिंत कुठे कलली आहे का. आडव्या भेगा कुठे आहेत? पाण्याच्या नळ्या बुजल्या आहेत का? मागे भराव किंवा राडारोडा टेकवला आहे का? गटार तुंबले आहे का? पलीकडच्या बाजूला कोणाची घरे आहेत? याची वहीत नोंद करून ती मुख्याध्यापकांकडे द्यावी आणि तेथून ती महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाकडे लेखी जावी. पाऊस सुरू झाला की कलत्या भिंतीजवळून मुलांनी येऊ-जाऊ नये आणि तिच्या आडोशाला कोणी राहत असेल, तर त्यांनाही धोका समजावून सांगावा. पाण्याचा आघूर्ण खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, हे सूत्र परीक्षेत दोन गुणांचे असेल. भिंतीपलीकडे राहणाऱ्यांना त्याचा उपयोग त्याहून पुष्कळ अधिक आहे.